भरती न झालेली माणसं

सुधाअक्का पेशंटशी फोनवर बोलताना कधी बसायच्या नाहीत. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधलं आमचं ऑफिस गुबगुबीत खुर्च्यांनी भरलेलं, आणि या बाई कानाला हेडफोन लावून उभ्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वॉर्डात कोण बसून बोलतंय गं? सवय लागलीय." मूळच्या निपाणीच्या अक्का वीस वर्षं नर्स होत्या आणि मग आमच्या आरोग्य विमा कंपनीत आल्या. मी पुण्याची, संख्याशास्त्र शिकलेली. मला पहिल्या आठवड्यापासून त्यांचा हेवा वाटायचा.

मधुमेहाच्या, दम्याच्या पेशंटना अक्कांनी नियमित फोन करायचे, औषधांची आठवण करून द्यायची, म्हणजे गरज नसताना दवाखान्यात भरती व्हायची वेळ येणार नाही, असा आमचा एक उपक्रम होता. भरत्या खरंच टळतात का, हे मोजणं माझं काम. म्हणजे त्यांच्या कामाचं माप माझ्या हातात. पण मुलीच्या लग्नाची पत्रिका पेशंट पाठवायचे ती अक्कांना. मी कुठलाही आकडा दाखवला की साहेब विचारायचे, "अक्कांशी बोललीस का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी आमच्या विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं आणि मला ते हवंच होतं. सगळं माझ्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल झकास उतरला, भरत्या चांगल्याच घटल्या होत्या. वर्षभरात एकदाही भरती न झालेल्यांची यादी घेऊन मी मुद्दाम अक्कांकडे गेले, जरा तोरा मिरवायला. त्या चष्मा चढवून एकेक नाव वाचायला लागल्या. मी ती यादी मोजली होती, वाचली नव्हती.

एका नावावर त्यांचं बोट थांबलं. "बसवनगुडीचे रामण्णा. हे वारले की गं. त्यांच्या बायकोशी मीच बोललेय."

"पण पॉलिसी चालू आहे."

"बायको आहे की त्यात. माणूस घरीच गेला, मग क्लेम कुठनं येणार? आणखी आहेत ह्यात. स्वल्प थांब, खुणा करते."

त्या पेन्सिलीने खुणा करत गेल्या आणि मी त्या मोजत गेले. मेलेली माणसं माझ्या अहवालात सगळ्यात निरोगी ठरली होती.

मी सगळं नव्याने मांडलं. भरत्यांमधली घट बरीच आटली. चूक आपण पकडली हे अक्का आता साहेबांना सांगणार, अशी माझी खात्रीच होती. त्यांच्या जागी मी असते तर सांगितलं असतं. बैठकीत साहेबांनी विचारलंच, "अक्का, ही चूक कशी सापडली?"

"तिनंच शोधली, सर. मी नुसते फोन लावले," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पद मला मिळालं.

काही महिन्यांनी अक्का नोकरी सोडून निपाणीला निघाल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं. "खोटं का बोललात?"

"तुला ती खुर्ची पाहिजे होती. मला नको होती. सरी, बरं, जाऊ दे की आता," म्हणाल्या आणि पिशवी सावरत उतरून गेल्या.

किती सहज म्हणाल्या, नको होती. त्यांचा इतका हेवा मला त्याआधी कधीच वाटला नव्हता. साहेबांना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.