प्रिय पत्नीचा बिछाना

हिनकलच्या एका ऑफिसात मी जुन्या अमेरिकन माणसांची मृत्युपत्रं वाचते आणि कोण कोणाचा मुलगा, कोण जावई, ते शोधून त्यांचे वंशवृक्ष जुळवते. सगळे मोठे देवभक्त. सुरुवातीला आत्मा देवाला, मग जमीन मुलांना, घोडा थोरल्याला. घोड्याचं नावसुद्धा लिहिलेलं असतं. शेवटी 'माझ्या प्रिय पत्नीला' एक बिछाना आणि मागची खोली, तीही तिनं दुसरं लग्न केलं नाही तरच. काय ते प्रेम! त्या भरात तिचं नाव तेवढं लिहायला सुचत नाही. अशा बाईच्या चौकटीत मी 'नाव अज्ञात' असं भरते.

अप्पा गेल्यावर दादानं त्यांचं मृत्युपत्र वाचून दाखवलं. सरगूरची शेती दोघा भावांना. स्कूटर धाकट्याला, तिच्या नंबरासकट. आणि 'माझ्या पत्नीने हयात असेपर्यंत मागच्या खोलीत राहावे.' दादानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "अप्पांनी आईचा किती विचार केला, नाही का?"

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून अप्पांनीच तिला नवं नाव दिलं होतं. मृत्युपत्रात तेही नव्हतं.

"दादा, आईचं माहेरचं नाव काय रे?" मी विचारलं.

दादानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं मोबाइलकडे. मग दादानं बसल्या जागेवरूनच स्वयंपाकघराकडे हाक मारली, "आई, तुझं पहिलं नाव काय होतं ग?"

आई कॉफी गाळत होती. हात पुसत बाहेर आली.

"कशाला रे? कुठं सही करायचीय?"