बाजाराच्या दिवशी दाखवू

शेलूबाजारला आठवड्यातून एकदा बाजार भरतो आणि आजूबाजूची खेडी त्या एका दिवसासाठी सहा दिवसांची कामं साठवून ठेवतात. आमचं गाव त्यातलंच, हायवे सोडून आत. बाजाराच्या दिवशी सकाळपासून जीपा भरभरून सुटतात. एरवी जीपवाला माणसं जमेपर्यंत पारावर बसून राहतो. त्यामुळे चष्म्याची दांडी मोडो, मिक्सर जळो, दाढ दुखो, उत्तर एकच: बाजाराच्या दिवशी पाहू. आता घरोघरी मोटरसायकली आहेत, भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते, पण ही सवय हललेली नाही. गावातली तूर त्या दिवशी बाहेर जाते. साखर, चपला, औषधगोळ्या त्या दिवशी गावात येतात. समुद्रसुद्धा आमच्याकडे त्याच दिवशी येतो, वाळलेला, पोत्यात भरून. स्टँडसमोर एक बाई ताडपत्रीवर बोंबील आणि सुकट घेऊन बसते.

तिच्या ताडपत्रीमागची जागा आमच्या गावाची. प्रत्येक गावाची अशी एक ठरलेली जागा असते. घरातलं वडीलधारं माणूस तिथं पिशव्या राखत बसतं आणि बाकीचे बाजार फिरतात. आमच्या घरातून माझ्या मोठ्या जाऊबाई बसायच्या.

मी अंगणवाडीत काम करते. यादी केल्याशिवाय मला काही सुचत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला एक कागद टोचलेला असतो. त्यावर आठवडाभर कामं चढत जातात आणि बाजारात मी ती खोडत जाते. जाऊबाई म्हणायच्या, "हे बाई मरनाच्या दिवशीबी आधी यादी करीन."

मागच्या वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. बाजार होऊन एक दिवस झाला होता. संध्याकाळी जाऊबाई कापसाच्या ढिगाशेजारी टेकल्या आणि डावा खांदा दाबत बसल्या.

"काय झालं वो बाई?"

"खांदा भरून आला. वेचून वेचून झालं असन."

दुसऱ्या दिवशी दुखणं जबड्यापर्यंत गेलं. त्यांचा मुलगा म्हणाला, "चाल, गाडीवर नेतो."

"गाडीवर हादरे कोन खाईन? अन् दोन दोन चकरा कायले? बाजाराच्या दिवशी जातच हावो. मी काय मरून राह्यली का?" मग माझ्याकडे वळून, "तुह्या यादीत टाकून दे माहा खांदा."

मी टाकला. सगळ्यात खाली, सातवा. एक, तुरीवर फवारायचं औषध. दोन, गव्हाचं बियाणं. तीन, चक्कीचा पट्टा. चार, जावयासाठी टॉवेल-टोपी. पाच, दुरुस्तीला दिलेली शिलाई मशीन आणणे. सहा, हळद. सात, बाईंचा खांदा.

हा क्रम मी विचार करूनच लावला होता. बियाणं दुपारपर्यंत संपतं. दवाखान्यात बाजाराच्या सकाळी उभं राहायला जागा नसते आणि तीननंतर तो रिकामा होतो. असली अक्कल गावात माझ्याच डोक्यात यायची, आणि मला तिचा अभिमान होता.

बाजाराच्या दिवशी जीपमध्ये जाऊबाई सारख्या पदरानं घाम पुसत होत्या. मागच्या सीटवर आम्ही सात बाया बसलो होतो, घाम सगळ्यांनाच येत होता. उतरल्यावर त्या ताडपत्रीमागे बसल्या आणि मी यादी घेऊन निघाले. बियाण्याची थैली त्यांच्याजवळ आणून ठेवली तेव्हा विचारलं, "कसं वाटते?"

"आहे तसंच आहे. तू आपलं काम उरक."

शिलाई मशीनवाल्यानं तासभर बसवून ठेवलं. हळद घेऊन परत आले तेव्हा अडीच वाजले होते. कागदावर एकच ओळ उरली होती. जाऊबाई बियाण्याच्या थैलीला टेकून बसल्या होत्या, चार पिशव्यांचे बंद मनगटात अडकवलेले. मला वाटलं, डोळा लागला. हाक मारली. मग हात धरला.

दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. सुकटवालीनं आणि मी त्यांना उचलून नेलं. डॉक्टरांनी तपासलं, दुखणं कधीपासून होतं ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर घड्याळ पाहून मृत्यूची वेळ कागदावर लिहिली.

नंतर सुकटवाली मला म्हणाली, "मी तिले दोनदा म्हटलं माय, समोरच तं दवाखाना आहे, जाय. तं म्हने, पिशव्या कोन राखीन? मी म्हटलं, मी राखतो. तं म्हने, तुहं गिऱ्हाईक सोडून तू कायले राखतं."

तेरवीचं सामान आणायला बाजारच होता. मी यादी केली. त्या बाजारात आमच्या पिशव्या राखायला कोणी नव्हतं, म्हणून मी त्या सोबत घेऊन फिरले आणि दोन्ही हातांना वळ उठले.

घरात कोणी मला बोल लावला नाही. पुतण्या एकदाच म्हणाला, "काकू, तिले न्याचं होतं तं मीच नेलं असतं. तिनंच ऐकलं नाही." तो खरं बोलला. पण कागद माझ्या अक्षरातला होता आणि क्रमही माझा.

महिन्याभरानं शेजारीण पाणी भरताना म्हणाली, "रातपासून एका डोळ्यानं धुरकट दिसून राह्यलं. बाजाराच्या दिवशी तुह्या यादीत माहा डोळा घे."

बाजार चार दिवसांवर होता. मी हंडा खाली ठेवला. "आजच जाऊ."

"आज कोन जाते? जीप नाही निघत."

"मंग जीपमंधी जाऊन बसू."

तिचा मुलगा गाडी घेऊन वाशीमला गेला होता, माझा पुतण्या रानात. मी त्याला फोन लावला, तो उचलेना. आम्ही पारावर गेलो. जीपवाला हसला, "वहिनी, आज कोनता बाजार? दोन मानसांवर डिझेल नाही परवडत."

"जीप भरन तवा भरन. आमी बसलो."

शेजारणीनं पदर डोळ्यावर धरला होता. मी पिशवी आणली नव्हती, कागदही नाही. तासाभरात एक म्हातारा येऊन बसला. त्यानं विचारलं, कोणाकडे गमी झाली का, कोण गेलं. मी म्हटलं, नाही, डोळा दाखवायला चाललो. तो म्हणाला, मंग बाजाराच्या दिवशी दाखवाचा ना. मी पुन्हा पुतण्याला फोन लावला.