भाचीच्या नावाची गोष्ट

सुरतेच्या कापड बाजारात साड्यांना नावं देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. नव्या डिझाइनांचा कॅटलॉग निघाला की त्याला नाव लागतं, नावाखाली दोन ओळी हिंदी मजकूर लागतो, आणि शेठ लोकांना तो लागतो तेव्हा आजच्या आज लागतो. फुलं संपली, नद्या संपल्या, राग-रागिण्या संपल्या. एकदा तर मी मसाल्याच्या डब्यापर्यंत पोचले होते. घरी मराठीत कथा लिहिते, त्या दिवाळी अंकांत छापून येतात, पण माहेरी, सुरतेच्या उधना भागात, माझी ओळख साड्यांवाली अशीच आहे. खानदेशातून यंत्रमागांवर कामाला आलेली आमची माणसं कथा वाचायच्या भानगडीत पडत नाहीत.

धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा सगळे निर्धास्त झाले. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं हा रिवाज आमच्यात आहे आणि गुजराती लोकांतही आहे. भावजय गुजराती, सुरतेचीच. दोन्ही घरांचं एकमत होईल अशी ही बहुधा एकच गोष्ट होती. "तुझा तर धंदाच तो, तुला काय अवघड?" असं जो तो म्हणे.

अवघड असं होतं की भावाने लग्न स्वतःच्या मनाने केलं होतं. आई लग्नाला आली, फोटोत उभी राहिली, पण सुनेशी थेट बोलेना. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, त्यात निदान बोलणं तरी होतं. सून शेगडीपासून हातभर अंतरावर असताना आई बाहेरच्या खोलीतल्या मुलाला सांगायची, "तिले सांग, दूध उतू जाई राह्यनं." निरोप पोचेपर्यंत दूध उतू गेलेलं असायचं.

बाळंतपण आटोपून सव्वा महिन्याने भावजय माहेराहून परतली, बारसं ठरलं, आणि भाऊ माझ्या घरी येऊन बसला. त्याने शहराबाहेर कामरेजला एक फ्लॅट बघून ठेवला होता.

"ताई, बारशात पुन्हा रुसवेफुगवे झाले तर आम्ही जातो. मी थकलोय आता."

वडील गेलेले, मी माझ्या संसारात. भाऊ गेला असता तर आई त्या घरात एकटी राहिली असती, तेही नात एकदाची मांडीवर आल्यावर. त्याला हे कळत होतं, म्हणून तर तो माझ्याकडे आला होता. आता सगळं त्या नावावर येऊन ठेपलं.

आईने मला निक्षून सांगितलं, "कुळदेवीनं नाव ठेव. मले दुसरं काहीच नको." भावजयीच्या आईने फोनवर अतिशय गोड आवाजात सांगितलं की राशीचं अक्षर सोडलं तर मुलीला जन्मभर त्रास होतो. आमची कुळदेवी त्या राशीत बसत नव्हती. देवी कशाला कुणाच्या राशीत बसेल?

मग मी काय केलं? लिहायला बसलेला माणूस आधी जे करतो तेच. स्वतःला मिरवता येईल असं नाव शोधलं. जुनं, संस्कृत, पाचपन्नास मैलांत कुणाचं नसेल असं. नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "छान आहे. शाळेत बाई हजेरी घेतील तेव्हा काय करतील बिचाऱ्या?" मला राग आला, कारण तो बरोबर होता. माझ्या प्रत्येक कथेचा पहिला परिच्छेद असाच असतो, स्वतःच्या पाठीवर शाबासकी देणारा. तो काढून टाकल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. राशीचं अक्षर पुढे, देवीच्या नावाचा तुकडा मागे, असं एक कलम तयार केलं. ऐकायला ते खोकल्याच्या औषधासारखं होतं. सगळ्यांना खूश करायला लिहिलेलं वाक्य कुणाच्याच लक्षात राहत नाही, हे मी नव्याने लिहिणाऱ्या पोरींना ऐटीत सांगते. पण भीती वाटत असली की आपलीच अक्कल आपल्या उपयोगाला येत नाही. आणि मला खरोखर भीती वाटत होती. बारसं तोंडावर आलं होतं आणि एका शब्दापायी आईचं घर मोडणार, असं मनाने घेतलं होतं.

कथा अडली की मी लिहिणं सोडून देते आणि माणसं कशी बोलतात ते ऐकत बसते. दुसरा काही उपाय मला येत नाही. तर एका सकाळी पापडीची पिशवी घेऊन मी उधन्याला गेले.

दार उघडंच होतं. मोरीत आई पाटावर पाय लांब करून बसली होती आणि पायांवर पालथं घालून बाळाला न्हाऊ घालत होती. बाळाने घर डोक्यावर घेतलेलं. आई त्याची समजूत काढत होती, आणि ती नाव घेऊन काढत होती. चपला काढता काढता मी थांबले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भावजयीने त्याच नावाने साद घातली, तिच्या गुजराती हेलात, आलेच हं अशी. त्यावर आईने अहिराणी हेलात तेच नाव पुन्हा घेतलं. दोघींची तोंडं दोन दिशांना होती. आपण एकच शब्द बोलतोय याचा पत्ता दोघींनाही नसावा, असं मला वाटलं.

मी आधी भावजयीला गाठलं. हे नाव कुठून आणलंस, विचारलं. ती एकदम ओशाळली.

"बेन, मला काय खबर? हॉस्पिटलमध्ये हिला हातात घेतली ने, एमनेम, असंच तोंडातून निघालं. नाव तर फोई पाडे. मी आधी बोलली असती तर तुम्हाला खराब लागलं असतं."

फोई म्हणजे आत्या, म्हणजे मी. मी मोरीच्या दारात जाऊन आईला विचारलं, "तू हिला या नावाने का हाक मारतेस?"

आईने वर न बघता बाळाच्या पाठीवर पाणी ओतलं. "मले काय इचारस? ती म्हनस म्हनीसन मी बी म्हनस."

ती म्हणते म्हणून मीही म्हणते. मला रडूच आलं. जिच्याशी ही बाई एक शब्द बोलत नव्हती, तिच्याच तोंडचा शब्द तिने उचलला होता आणि रोज सकाळी तो घेऊन नातीला न्हाऊ घालत होती. कुळदेवीची आठवण तिला फक्त माझ्याशी बोलताना होत होती.

नाव अगदी साधं आहे, एका वर्गात दोघी-तिघी सापडतील असं. ते इथे लिहीत नाही, कारण उद्या ती मोठी होऊन हे वाचेल आणि मला विचारलं का नाहीस म्हणून भांडेल. मुलगी आमच्याच वळणावर जाणार, अशी लक्षणं आहेत. कॅटलॉगसाठी दिलं असतं तर शेठने नाक मुरडलं असतं. माझं कसब त्यात नखाएवढंही नव्हतं, आणि परत जाताना रिक्षात मला कधी नव्हे इतकं मोकळं वाटत होतं. शब्द दरवेळी घडवावाच लागतो असं नाही. पुष्कळदा तो आधीच कुणाच्या तरी तोंडी असतो. आपण आपला लाडका शब्द बाजूला सारून त्याला जागा करून द्यायची. लिहिण्याने मला हे इतक्यांदा शिकवलंय, आणि घरच्या गोष्टीत मी ते साफ विसरले होते.

मी कुणाला काही सांगितलं नाही. आत्याचा शब्द कुणी फिरवत नाही, याचाच काय तो आधार होता.

बारशाला आधी गुजराती पद्धतीने चार मुलांनी चार टोकं धरून झोळीत बाळाला झुलवलं, मग आमचा पाळणा. मी वाकले, बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्याने सांगितलं. एक मावशी म्हणाली, "एवढी लेखिका आत्या, आणि हेच नाव?" भावजयीच्या आईने राशीचा विषय काढायला तोंड उघडलं. भाऊ कुणाकडेच बघत नव्हता. भावजय पाळण्याची दोरी घट्ट धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

आमच्यात आत्याने नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. पहिला धपाटा बसला तो आईचा. मग मावशी, काकू, शेजारणी, सगळ्याच तुटून पडल्या. विहीणबाईंना हा प्रकार नवा होता. त्या आधी बिचकल्या, मग हसायला लागल्या, आणि राशीचं राहिलं बाजूला, त्यांनीही हात धुऊन घेतला. एकटी भावजय तेवढी जागची हलली नव्हती. नणंदेच्या पाठीत मारायचं कसं?

आई तिच्याकडे वळली. मध्ये भाऊ नव्हता, मी नव्हते, कुणीच नव्हतं.

"ये व पोरी, तू बी मार. नाव तुनंच शे."

भाऊ चटकन दुसऱ्या खोलीत निघून गेला. भावजय दोरी सोडून पुढे आली. एवढीशी दिसणारी ती पोरगी, तिचा हात भलताच जड निघाला. माझी पाठ पुढे कितीतरी दिवस दुखत होती, आणि ते दुखणं थांबू नये असंच मला वाटत होतं.