चिंचेनं घासलेला वाडगा

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या माझ्या मित्राच्या पणजोबांनी लष्करात असताना इराकमधल्या बसऱ्याहून एक मातीचा वाडगा आणला होता. त्यावर आतून-बाहेरून काचेसारखा हिरवा-निळा लेप आणि त्या लेपावर मोरपिसासारखी झाक. तो खरंच जुना आहे का, हे साताऱ्यातल्या एका जाणकारांना दाखवून आणतो, असं मीच छातीठोकपणे सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी वाटलं, असलं कळकट भांडं चारचौघांत न्यायचं कसं? आमच्याकडं पितळेची भांडी घासतात तसा चिंच-मीठ लावून वाडगा घासला. लख्ख झाला. मी स्वतःवरच खूश.

जाणकारांनी वाडगा पाहिला, मी आधी पाठवलेला फोटो पाहिला आणि खुर्चीत बसलेच. "अहो, झाक कुठं गेली? शेकडो वर्षं जमिनीत पुरलेल्या भांड्यालाच ती चढते, तोच तर जुनेपणाचा पुरावा!"

मिरजेला परतून मित्राला सगळं सांगितलं. त्यानं वाडगा उजेडाकडं धरून बाहेरून फिरवून पाहिला.

"आतनंबी घासलास व्हय रं?"

"आतनं आधी," मी म्हणालो.