सतरा नंबरच्या तुकड्याची रुंदी

नोरीन हेसलॉपनं सव्वीस वर्षं इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या बसगाड्यांमध्ये तिकिटं तपासली होती. समोरचा माणूस खिसे चाचपायला लागला की ते तिकीट खरंच हरवलंय की मुळात काढलंच नाही, हे तिला त्याच्या कोपरावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर ही सवय घरात मावेना. खाणकामगारांच्या जुन्या वस्तीमागे, टेकडीच्या उतारावर नगरपालिकेच्या भाड्याच्या बागा होत्या. तिथला एखादा तुकडा मिळावा म्हणून तिनं अर्ज भरला. अर्जाच्या खिडकीतल्या मुलीनं सांगितलं, "आठ वर्षं तरी लागतील हं."

पत्र अकरा महिन्यांत आलं. सतरा नंबरचा तुकडा, पहिले तीन महिने चाचणीच्या अटीवर.

दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. नोरीननं पत्र उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. मग बागांचा सेक्रेटरी कॉलिन स्टोको याला त्याच्या फाटकाशी गाठलं.

"माझ्या पुढं किती नावं होती?"

"होती बरीच. काही गाव सोडून गेली, काही वारली. तिघांनी तुकडा पाहून नको म्हटलं."

"का?"

"पाणी साचतं म्हणे. मुळं सडतात."

"म्हणे? कोण म्हणे?"

कॉलिन टोपी नीट करायला लागला. "शेजारी सेप ट्वेडल आहे ना, अठरा नंबरवाला, तो सांगतो येणाऱ्याजाणाऱ्याला. घ्यायचाय का नाही तुम्हाला?"

तिनं सही केली.

तुकडा चार वर्षं ओसाड पडला होता. हरळी गुडघ्याएवढी, एका कोपऱ्यात छप्पर खचलेलं खोपट. सतरा आणि अठराच्या मधलं कुंपण जुन्या घरांच्या दारांचं होतं, हिरवी, तपकिरी, एकाला अजून टपालाची फट. पहिल्याच सकाळी त्या फटीतून आवाज आला.

"बाई, खालच्या अंगाला खणू नका हं. दलदल आहे. फावडं गिळते."

"आणि वरच्या अंगाला?"

"तिथं पण काही येत नाही. गवत लावा आणि खुर्ची टाकून बसा."

सेप ट्वेडल चौऱ्याहत्तरचा. चाळीस वर्षं खाणीत काढलेला, खांदे वाकलेले, पण डोळे उंदीर हेरणाऱ्या मांजरासारखे. तो लीक पिकवायचा. ही कांद्याची जाडजूड बहीण, तिचा पांढरा दांडा मांडीएवढा व्हावा म्हणून त्या भागातले पुरुष बायकोचा वाढदिवस विसरतात. दर सप्टेंबरात कामगार क्लबात त्यांचं प्रदर्शन भरायचं.

नोरीननं खणायला घेतलं. दलदल कुठंच नव्हती. माती काळी, भुसभुशीत, आणि गांडुळं बोटाएवढी. हे खोटं त्याला कशासाठी बोलावं लागलं? ती दोन महिने वाटाणे लावत होती, बटाट्यांना भर देत होती, आणि एका डोळ्यानं त्या दारांकडे पाहत होती. ती कुंपणाजवळ गेली की पलीकडे सेपचा खोकला यायचा. दर वेळी, न चुकता.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तिनं करारनामा काढला. रुंदी तीस फूट, असं त्यात लिहिलेलं होतं. तिनं शिवणाची टेप धरून मोजलं. सत्तावीस. पुन्हा मोजलं. सत्तावीस. सोळा नंबरवाल्यांचा तुकडा बाहेरच्या वाटेवरून मोजला, तो तीसच. सेप जेवायला घरी गेलेला पाहून ती अठराच्या समोर वाकली. तेहेतीस.

"काय हरवलं का, तिकीटबाई?"

तो मागंच उभा होता. तिचं जुनं काम त्यानं कुठून शोधून काढलं होतं देव जाणे.

"हरवलं खरं," नोरीन टेप गुंडाळत म्हणाली. "तीन फूट. तुमच्याकडे सापडले."

सेपनं आपल्या तुकड्याचं फाटक उघडलं आणि तिला आत बोलावलं. नोरीन चारही बाजूंना बघतच आत शिरली. कुंपणाला लागून, नेमक्या त्या तीन फुटांत, लाकडी चौकटीतल्या वाफ्यात अठरा लीक उभ्या होत्या. एकेक दांडा पाहून ती तिच्याही नकळत "बाई गं!" म्हणून गेली.

"तुमच्या आधीचा जॉस डॉड्स वारला आणि तुकडा पडून राहिला," सेप म्हणाला. "दर वसंतात एकेक फूट सरकलो. रिकामी जमीन डोळ्यांना बघवत नव्हती. कॉलिनला सांगायचं तर सांगा. नियम आहे, तो मला त्याच दिवशी बाहेर काढेल. एक्केचाळीस वर्षं झाली इथं."

"आणि त्या तिघांना पळवलंत ते?"

"पळवलं," तो म्हणाला. "तुम्हालाही बघितलं पळवून."

प्रदर्शनाला तीन आठवडे होते. आता उपटल्या तर वर्षाची मेहनत मातीत. नोरीननं करारनाम्याच्या पाठीमागे लिहिलं, प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दारं मूळ जागी. सेपनं चष्मा लावून तीनदा वाचलं.

"मी सही केल्यावर तुम्ही कॉलिनकडे जाणार नाही कशावरून?"

"तुम्ही प्रदर्शनानंतर शब्द पाळाल कशावरून?"

मग त्यानं सही केली, आणि तिनंही करायला हवी असा हट्ट धरला. तिनंही केली.

त्यानंतर पाळत सुरू झाली. सेपला वाटे ही बाई एखाद्या दिवशी सुरी घेऊन येईल आणि दांडे चिरेल. असे प्रकार तिकडं होत. नोरीनला वाटे हा माणूस चौथा फूट खाईल. सकाळी आठला दोघंही खुर्च्या टाकून बसत, दारांच्या अल्याड-पल्याड, आपापला चहाचा थर्मास घेऊन. फटीतून बोलणं होई, ते बहुतेक एकमेकांना टोचण्यापुरतंच.

एका मंगळवारी सेप बराच वेळ खाकरला.

"बाई, उद्या मला डोळ्यांच्या तपासणीला जायचंय. दिवस जाईल. लीककडे बघाल?"

"मी? तुमचा माझ्यावर विश्वास आहे?"

"नाही. बाकीच्यांवरही नाही. पण तुम्ही डोळा मिटत नाही एवढं मी पाहिलंय."

बुधवारी ती त्याच्या खुर्चीत बसली. तिनं पाव आणि चीज आणलं होतं, ते खाताना सुद्धा मान वळवली नाही. दुपारी कॉलिन स्टोको दाराशी आला. त्याच्याही लीक प्रदर्शनात असायच्या. खिशात हात घालून तो वाफ्याकडे वाकला.

"तिकीट?" नोरीन ओरडली. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

कॉलिननं दचकून खिशातून हात काढला. हातात फक्त मोजायची दोरी होती. "जाडी बघत होतो," म्हणत तो लाल होऊन निघून गेला. संध्याकाळी सेपला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की खोकल्यानं त्याला खाली बसावं लागलं.

प्रदर्शनात सेपला दुसरा नंबर मिळाला.

दुसऱ्या दिवशी नोरीन सातलाच पोचली, तो पळून गेला असेल या खात्रीनं. सेप आधीच दारं उखडत होता. तीन फूट त्याच्या बाजूला खुंट्या ठोकल्या होत्या. तिनं टेप लावली. तीस.

"पण माती माझी," तो ढकलगाडीला टेकून म्हणाला. "शेण, काजळी, समुद्रावरचं शेवाळ, तीन वर्षं घालतोय. ती मी नेणार."

"माती जमिनीला लागून येते, मिस्टर ट्वेडल."

तासभर भांडले. शेवटी अर्धी ठरली. तो गाड्या भरत गेला आणि ती बोटांवर मोजत राहिली. चौदावी गाडी त्यानं शिगोशीग भरली तेव्हा तिनं हातानं वरचा ढीग खाली ओढला. सेपनं कपाळ पुसलं आणि खाली पडलेली माती तशीच राहू दिली.

एप्रिलमध्ये त्यानं दारावरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बारा रोपं तिच्या हातात दिली. "माझ्याच वाणाची आहेत. कुणाला देत नाही."

नोरीननं आभार मानले. घरी जाऊन दोन रोपं बादलीत लावली, रोगट आहेत का बघायला, आणि उरलेली दहा खिडकीत कुंडीत ठेवली. दोन आठवडे रोज पानं उलटून पाहिली. काही निघालं नाही. मग तिनं सगळी त्या तीन फुटांच्या पट्ट्यात लावली.

सेप फटीतून बघत होता. "पंधरा दिवस कुठं होती ही?"

तिनं खरं ते सांगितलं.

"बादलीत दोनच?" तो म्हणाला. "मी असतो तर चार लावली असती."