मी चाटलेली भिंत

माझ्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही! आजही सांगायला बसले की डोकं तापतं. रंगाच्या कामात किस्से कसे, डब्याच्या तळाशी गाळ बसतो तसे बसतात. वरचा रंग भिंतीला लागून जातो, गाळ आपल्याजवळ राहतो. पण समुद्रकाठच्या त्या एका घराचे किस्से आमच्या टोळीत कोणी शेवटपर्यंत सांगत नाही. काहून सांगत नाही, ते आता मीच सांगते.

टोळी आमची रायपूरची, चौघांची. दामोदर मिस्त्री मुखिया. गणवीर आणि पुरन पेंटर. चौथी मी, शीला. बारा वर्षं रेजा म्हणून डोक्यावर घमेलं वाहिलं, तेव्हा कुठं हातात ब्रश आला. तोही मिस्त्रीच्या मनात नव्हता.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या डॉक्टर मॅडमनी पुरीच्या पुढं समुद्रकाठी घर बांधलं. बाहेरून रंगवायला आम्हालाच नेलं. मॅडम म्हणाल्या, "खारी हवा, ऊन, वादळ, तिन्हीपासून घर वाचलं पाहिजे. जमेल ना?"

मिस्त्री छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, उरल्याच्या कारखान्यांच्या धुरात आमचा रंग टिकते. समुद्र म्हणजे काय, नुसतं पाणी!"

*

ते नुसतं पाणी आम्ही चौघांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पुरन मूळचा छत्तीसगढी, तळ्यात पोहून मोठा झालेला. किती वेळ डोळ्यांवर हात धरून उभा राहिला आणि मला विचारतो, "दीदी, ए तरिया के ओ पार कहाँ हे?" या तळ्याचा पलीकडचा काठ कुठं आहे!

मी म्हटलं, "तू पोहत जा अन् पाहून ये."

त्या दिवसापासून तिघं रोज सकाळी हाफ पँट घालून समुद्रात! लहान पोट्टे बरे. मी तेव्हा मागच्या बाजूला चुलीपाशी असायची, चौघांचा भात करत.

तिघं एकाच खोलीत राहायचे, गणवीर-पुरनच्या कपड्यांची अदलाबदल व्हायची. मिस्त्री त्यांच्यावर हसायचा, "आपलं तसं नाही. आपल्या बायकोनं प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्यानं नाव काढलं आहे!" त्याचं त्याला फार कौतुक.

*

आता भिंतीचं ऐका. रायपूरला भिंतीवर काळी धूळ बसते. बोट फिरवलं की बोट काळं. कपड्यानं पुसा आणि रंग मारा. इथं मिस्त्रीनं भिंतीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ! म्हणाला, "एकदम साफ आहे. चला, पुट्टी लावा."

माझा हात चिकट लागत होता. घर समुद्राच्या वाऱ्यात कितीक महिने उघडं पडलेलं. मी म्हटलं, "मिस्त्री, भिंतीवर मीठ आहे. आधी धुवा."

"दिसून राहिलं का तुले मीठ?"

"दिसत नाही, पण आहे."

"भूत आहे का ते?"

गणवीर हसला, पुरन हसला. मला असा राग आला! तिघांच्या देखत भिंतीला जीभ लावली. खारट! मिस्त्री म्हणाला, "गेली कामातून! आता हिले रोज चुना चाटायले द्या."

एवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. सगळं ऐकलं, पर्स पुरनच्या हातात दिली आणि त्यांनीही भिंत चाटली. डॉक्टर माणूस! तोंड वाकडं करून म्हणाल्या, "शीलाबाई बरोबर आहेत. गोड्या पाण्याचा टँकर मागवा. धुवा, चांगली सुकू द्या, मग पुट्टी."

मिस्त्री माझ्याकडं पाहून एवढंच बोलला, "याचं जे होईल ते तुझ्यावर."

*

मिस्त्रीनं खिळे आणि स्क्रू घरून आणले होते. डबा वाजवून दाखवायचा, "आमच्या सिलतऱ्याच्या कारखान्याचं लोखंड आहे! तुमच्या समुद्राच्या बापाले नाही ऐकत." खिडक्यांना तेच ठोकले.

आठवडा नाही झाला, प्रत्येक स्क्रूखाली केशरी ओघळ! सगळ्या खिडक्या रडून राहिल्या. मॅडमनी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू पाठवले आणि मिस्त्री एकेक जुना काढत बसला. समुद्राकडच्या भिंतीवरचे दोन खिळे तेवढे ठेवले. म्हणे, "रोलर टांगायले पाहिजेत." भिंतीवर तेव्हा नुसती पुट्टी होती. रंगाच्या दिवशी खिळे काढून भोकं बुजवू म्हणाला, आणि तसं केलंही.

*

उन्हाचं तर विचारूच नका. मिस्त्रीचा हट्ट, "आम्ही रायपूरचे. उन्हाले काय भ्यायचं?" भर उन्हात दक्षिणेच्या भिंतीवर रोलर फिरवून दाखवला. ते ऊन आणि तो वारा! रंग भिंतीला चिकटायच्या आधीच सुकला आणि पापडासारखा सुटून आला. सगळं खरवडून पुन्हा मारलं.

मी म्हटलं, "सावलीच्या मागं चला. सकाळी मावळतीची बाजू, दुपारनंतर समुद्राकडची."

"आता तू मिस्त्री झाली का?"

"नाही. मले डोळे आहेत."

ऐकलं मात्र. सकाळचं चांगलं ऊन समुद्राकडच्या भिंतीवर, आणि आम्ही चौघं पलीकडं सावलीत. ती भिंत दुपारपर्यंत एकटी! हे ध्यानात ठेवा.

*

घर पुरं झालं आणि वादळाचा भोंगा आला. गाडी फिरली, दारं-खिडक्या बंद करा म्हणून. पुरन उभं राहायचा पाड उतरवत होता, मी त्याचे बांबू बांधत होते, गणवीर ताडपत्री धरून होता. वारा आला आणि ताडपत्री गणवीरसकट दहा पावलं गेली! मी ओरडले, "सोड तिले!" तो ओरडला, "सोडली तर मिस्त्री मारते!"

दुसऱ्या दिवशी बाहेर आलो. शेजारच्या घराचे पत्रे उडाले होते, नारळ आडवे पडले होते, आणि आमचं घर न्हाऊन निघाल्यासारखं उभं! एक टवका नाही! मिस्त्री नाचायचाच बाकी राहिला. "पाहा माझं काम!"

चार दिवसांनी समुद्राकडच्या भिंतीला फोड आले. तेव्हा ते माझं काम झालं.

*

नेमक्या त्याच दिवशी डॉक्टर मॅडम पाहुणे घेऊन आल्या. त्यांच्या बहिणीचंही घर शेजारीच व्हायचं होतं, ते काम कोणाला द्यायचं हे बघायला बहीण सोबत. सगळे भिंतीसमोर उभे. मधोमध रंग फुगलेला, त्याच्या कडेनं पांढरी भुकटी.

मिस्त्री हात जोडून म्हणाला, "मॅडम, मी नको म्हणत होतो. शीलानं पाणी मारायले लावलं, ओल आत राहिली. आता रायपूरले गेल्यावर ब्रश माझ्याकडं दे, शीला. पुन्हा घमेलं उचल."

मी म्हटलं, "सगळ्या चारही भिंती धुतल्या. फोड इथंच काहून?"

"तेच तर! तुझा हात इथं जड पडला."

गणवीर खाली बघत होता. पुरन आकाशात बघत होता. मॅडम माझ्याकडं बघत होत्या, आणि ते सगळ्यात वाईट होतं. बारा वर्षांचं घमेलं डोक्यावर आल्यासारखं वाटलं.

मी पुढं झाले आणि पुन्हा भिंत चाटली. मीठ! "मॅडम, टँकरचं पाणी गोडं होतं. हे समुद्राचं आहे."

मिस्त्री हसला, "समुद्र शिडी लावून चढला का?"

मी चार पावलं मागं सरकले. अख्खा डाग डोळ्यात आला. वर आडवी सरळ रेघ. रेघेच्या दोन टोकांना बुजवलेली दोन भोकं. खाली पसरत गेलेला आणि मधून चिरलेला. दोन पाय!

मला हसू फुटलं ते थांबेचना! मॅडमना वाटलं, रडून राहिली. मी मागं पळाले, दोरीवरच्या तिन्ही हाफ पँटा ओढून आणल्या.

पुरनची धरली. डागात दोन पुरन मावले असते! गणवीरची धरली. ती गुडघ्याच्या खाली गेली. तिसरी धरली. कंबरेला कंबर, पायाला पाय, दोन्ही कोपरे दोन्ही भोकांवर! पाहुण्यांतली एक बाई टाळ्या वाजवायला लागली.

"कोणाची आहे ही?" मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी पँटची कंबर उलटी केली, आत पाहिलं आणि माझ्या हातात दिली.

"शीलाबाई, तुम्ही वाचा. मोठ्यानं."

मी चौथी पास. लाल दोऱ्याचं एकेक अक्षर बोटानं धरून, समुद्रालाही ऐकू जाईल असं वाचलं, "दामोदर मिस्त्री!"