पिवळा ढोमा

आमच्या नेरूळच्या सोसायटीत आजही सांगतात, की सरांनी पिवळ्या माशाला बोंबील ठरवले. हे धादांत खोटे आहे. मी आयुष्यभर मत्स्यशास्त्र शिकवले. बोंबील मी डोळे बांधूनही ओळखीन.

शिरवण्याच्या बाजारात माझ्या नेहमीच्या कोळणीच्या पाटीत तो मासा आला, हळद माखल्यासारखा, डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळा. आमच्या सेक्रेटरीने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘केमिकलचा मासा. हिच्याकडून घेऊ नका.’ त्यानंतर तिची पाटी भरलेली तशीच परत जाऊ लागली. बर्फ वितळे, माशांचे डोळे पांढरे पडत, वास सुटे. आणि नाक मुरडून जाणारे ते सुशिक्षित मला त्या वासाहून ओंगळ वाटत.

“सर, तुमी शिकलेली मानसं. सांगा ना यांना,” ती म्हणाली.

तिने बर्फात जपून ठेवलेला तो मासा मी घरी आणून उघडला. पाठीवरच्या पराची खाच, शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली अंगावरची रेघ, डोक्यात कानाशी असणारे हाडासारखे दोन जाड दगड. तो साधा ढोमा होता. त्वचेत काळे रंगद्रव्य जन्मतःच बनले नव्हते, म्हणून पिवळे तेवढे उरले होते.

“आजकाल डीएनए लागतं, सर,” सेक्रेटरी म्हणाला.

माझ्या एका विद्यार्थिनीची प्रयोगशाळा आहे. तिच्यासाठी मी स्पिरिटच्या बाटलीत तुकडा घालून दिला. तो पोचवण्याचा मान सेक्रेटरीने हट्टाने घेतला. गाडीत स्पिरिटचा वास नको म्हणून या सद्गृहस्थाने स्पिरिट ओतून दिले आणि तुकडा वाटेत घेतलेल्या बोंबलांच्या पिशवीत टाकला. बोंबलाला किती पाणी सुटते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. त्या लिबलिबीत, बुळबुळीत रसात भिजून तुकडा पोचला आणि अहवाल आला, बोंबील!

मग माशाच्या आतल्या मांसाचा दुसरा तुकडा मी स्वतः नेऊन दिला. “ढोमाच आहे, सर,” विद्यार्थिनीने कळवले. तो अहवाल मी ग्रुपवर टाकला. कोणी उघडलाही नाही. कारण तोवर सेक्रेटरीने नवा शोध लावला होता, की तो मासा म्हणजे महागडी सोनेरी घोळ होती, लाखात एक, घरात आली की बरकत.

पुढच्या रविवारी कोळणीभोवती गर्दी. सर्वांत पुढे सेक्रेटरी. “मावशी, पुन्हा पिवळी घोळ आली की पहिली मला.”

“ढोमा!” मी म्हणालो. “रंग बिघडलेला ढोमा होता तो.”

“सर, तुमच्याच मशीनने बोंबील सांगितलं होतं ना?” सगळे खिदळले.

कोळणीने मला जवळ बोलावले. “सर, आता गप रवा. तुमच्या ढोम्याला कोन इचारतंय? घोल म्हनतान तं गिऱ्हाईक येतंय.”

तिचा राग मला आला नाही. तिला चूल पेटवायची होती. शिसारी आली ती त्या माणसांची, ज्यांनी न वाचता तिला बुडवले आणि न वाचताच तारले. मी गप्प बसलो नाही. अहवाल तिथेच मोठ्याने वाचून दाखवला. लोक कोलंबीचा भाव करत राहिले.

शेवटी तिने एक करडा ढोमा माझ्या पिशवीत टाकला. “ह्यो न्या. याचं नाव सगल्यांना ठाव हाय.”

घरी त्याच्याही डोक्यातले दगड मी काढले आणि पिवळ्याच्या दगडांशेजारी डबीत ठेवले. डबी माझ्या टेबलावर आहे. कोणती जोडी पिवळ्याची, हे सेक्रेटरीने येऊन ओळखून दाखवावे.